हिंदीतला ‘मैं’ मराठी माणसाने कसा वापरावा

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश आणि बिहारहून आलेल्या कामगारांशी किंवा रामकुंडावर येणाऱ्या यात्रेकरूंशी आपण नाशिककर रोज हिंदी बोलतो आणि तेवढ्यापुरते ते भागतेही. परंतु मुलाखतीत किंवा लेखी अर्जात आपली हिंदी अडखळते ती बहुधा ‘मी’च्या जागी. मराठीतला एकच ‘मी’ जी कामे करतो, ती हिंदीत ‘मैं’ आणि ‘मैंने’ या दोन रूपांत वाटली गेली आहेत.

या दोहोंपैकी कोणते रूप घ्यावे, हे ठरवण्यासाठी मराठी वाक्यात ‘मी’च्या जागी ‘तो’ घालून पाहावे. ‘तो गेला’, म्हणून ‘मैं गया’. ‘त्याने दार उघडले’, म्हणून ‘मैंने दरवाज़ा खोला’. ही कसोटी केवळ भूतकाळी क्रियेलाच लावावी, कारण ‘त्याने जायला हवे’ यातही ‘ने’ दिसतो, पण हिंदीत तेथे ‘मुझे जाना चाहिए’ असेच म्हणावे लागते.

काही क्रियापदे मात्र या कसोटीला दाद देत नाहीत आणि ती पाठच करावी लागतात. मराठीत ‘तो म्हणाला’, ‘तो शिकला’, ‘तो चहा प्यायला’ असे म्हणतात, तरी हिंदीत ‘मैंने कहा’, ‘मैंने सीखा’, ‘मैंने चाय पी’ हेच बरोबर आहे. उलट ‘त्याने आणले’ असूनही ‘लाना’ या क्रियापदाला ‘ने’ लागत नाही. तेथे ‘मैं लाया’ म्हणावे. ‘मैंने’ आल्यावर क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे चालते हे आपल्या ओळखीचे आहे, पण चहा मराठीत पुल्लिंगी आणि ‘चाय’ हिंदीत स्त्रीलिंगी असल्याने ‘मैंने चाय पिया’ ही चूक आपल्याकडे फार ऐकू येते.

गंमत अशी, की संस्कृतातील तृतीयेच्या ‘मया’पासून आलेला ‘मैं’ मुळातच ‘माझ्याकडून’ असा अर्थ घेऊन आला होता. तो साधा कर्ता झाल्यावर त्याला पुन्हा ‘ने’ जोडावा लागला. जुन्या मराठीतही ‘म्यां केले’ असे वेगळे रूप होते. गुजरातीने दोन्ही रूपे अजून जपली आहेत: ‘हुं गयो’, पण ‘में कह्युं’. म्हणून गुजराती वाचताना या ‘में’चा अर्थ हिंदीतल्या ‘में’प्रमाणे ‘मध्ये’ असा लावू नये. आणि हिंदी लिहिताना ‘मैं’वर दोन मात्रा न चुकता द्याव्यात.

‘मी आहे’ आणि ‘तो आहे’ यांत आपले क्रियापद बदलत नाही, त्यामुळे ‘मैं है’ सहज तोंडून निघून जाते. ‘मैं’बरोबर ‘हूँ’ हवाच. ‘मला’साठी बाजारात ‘मेरेको’ चालते, लेखनात ‘मुझे’ किंवा ‘मुझको’ लिहावे. बागलाणकडची अहिराणी ‘माले’ म्हणते, तिथल्या वाचकाने ‘माले’च्या जागी ‘मुझे’ ठेवण्याची सवय केली तरी पुरते.

माझ्या मते सर्वांत चिवट चूक ‘माझे’ या शब्दाची आहे. ‘मी माझे काम करतो’ हे मराठीत निर्दोष आहे, पण हिंदीत कर्त्याची स्वतःची वस्तू सांगताना ‘अपना’ येतो: ‘मैं अपना काम करता हूँ’, स्त्री बोलत असेल तर ‘करती हूँ’. ‘मैं मेरा काम’ ऐकताच हिंदीभाषकाला बोलणारा परप्रांतीय असल्याचे कळते.

पूर्वांचल किंवा बिहारचा सहकारी ‘हम कल आएँगे’ म्हणाला, तर तो बहुधा एकट्याविषयीच बोलत असतो. अनेकांविषयी सांगायचे असल्यास तो ‘हम लोग’ म्हणतो. त्याच्या ‘हम’चा अर्थ ‘मी’ असा घ्यावा, परंतु स्वतःच्या अर्जात ‘मैं’च लिहावे.