गाडी गेटवर उभी असताना झालेला वाद

मशीनवर सहा वर्षे काढल्यानंतर भोसरीतील सुट्या भागांच्या एका कारखान्यात मला शिफ्ट इन्चार्ज केले गेले, त्याच महिन्यातली ही गोष्ट आहे. संध्याकाळी १,२०० बुश, म्हणजे मधे आरपार भोक असलेले नळीसारखे भाग, पाठवायचे होते आणि गाडी गेटवर येऊन उभी होती. तेवढ्यात क्वालिटीच्या इन्स्पेक्टरने लॉटवर माल रोखण्याचा लाल टॅग लावला, कारण भोकाचे माप तपासायच्या प्लग गेजची ‘नो-गो’ बाजू, जी बोअरमध्ये (भोकात) शिरताच कामा नये, ती काही नगांत सरळ आत जात होती. उद्या कस्टमरची लाइन थांबली तर उत्तर कोण देणार, असे म्हणत मी सर्वांसमोर आवाज चढवला. त्याने गेज माझ्या हातात ठेवला आणि “साहेब, तुम्हीच घालून बघा,” एवढेच तो म्हणाला.

आमचे प्लँट हेड आले, तेव्हा ते दोघांनाही गप्प करतील असे मला वाटले होते. त्यांनी आधी इन्स्पेक्टरला विचारले, किती नग तपासले आणि किती नापास झाले. ५० मध्ये ७. मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, “माल पाठवायचा आग्रह तुमचा आहे, तेव्हा तो चांगला आहे हे तुम्ही दाखवा.” खोक्यांवरच्या वेळा पाहिल्यावर कळले की ते सातही नग दुपारच्या टूल चेंजनंतरचे, म्हणजे मशीनचे कापणारे हत्यार बदलल्यानंतरचे होते, इन्सर्ट (हत्याराचे कापणारे टोक) बदलताना ऑफसेट, म्हणजे मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती, किंचित जास्त पडला होता. आधीचे ८०० नग पुन्हा तपासून त्याच रात्री रवाना झाले आणि ४०० बाजूला काढले गेले. माझेच ऐकले असते तर सगळा लॉट गेला असता, आणि नुसत्या टॅगवर निर्णय झाला असता तर एकही नग गेला नसता.

सिद्ध करण्याची जबाबदारी कोणावर टाकायची, हा नेतृत्वातला सर्वांत जड प्रश्न आहे असे मी मानतो. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री ‘चॅलेंजर’ या अमेरिकी अंतराळयानाचे बूस्टर रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी, कडाक्याच्या थंडीत सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्या (ओ-रिंग) दगा देतील म्हणून उड्डाण पुढे ढकला, असा आग्रह धरला होता, पण धोका आहे हे त्यांनीच सिद्ध करावे अशी अपेक्षा झाली आणि अखेर व्यवस्थापकांनी त्यांचे मत डावलून संमती दिली. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी यान फुटले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले.

नव्याने टीम सांभाळणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की वाद सुरू झाला की स्वतःचे मत शेवटी मांडा, कारण साहेबांचा कल कळला की खालचा माणूस आपला आक्षेप गिळून टाकतो. बोलणे नगावर ठेवा, माणसावर नेऊ नका. (जुने हेवेदावे बाहेर निघू लागले, तर बैठक तिथेच थांबवावी.) आणि चढ्या आवाजाबद्दल माफी मागायची असेल तर ती चारचौघांत मागा, मी ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये मागितली.

त्याच मीटिंगमध्ये इन्स्पेक्टरने आणि मी मिळून नियम लिहिला: टूल चेंजनंतर पहिला नग क्वालिटीने पास केल्याशिवाय मशीन चालवायचे नाही. त्यात दहा मिनिटे जातात. ती पाचवर कशी आणता येतील, यावर आमचे दोघांचे अजून एकमत झालेले नाही.