शिकारी पक्ष्यांचे फोटो काढायचेत? आधी घारीच्या मागे लागा

गरुडाचा फोटो काढायचा म्हणून कॅमेरा घेतला असेल तर थोडं थांबा, आधी घार घ्या. सहज दिसते, निवांत गोल फिरते आणि चुका करायला भरपूर वेळ देते. मी थेट शिक्र्यापासून (झाडीत फिरणारा छोटा, चपळ शिकारी पक्षी) सुरुवात केली आणि कार्डभर फांद्या घेऊन घरी आलो, पक्षी एकाही फोटोत नाही!

१. सेटिंग घरीच लावून निघा. उडत्या पक्ष्यासाठी शटर स्पीड १/२००० सेकंदाच्या आसपास, अॅपर्चर (लेन्समधून प्रकाश आत येण्याचं भोक) लेन्सचं सगळ्यात मोठं, आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील ते) ऑटो. आयएसओ वाढला म्हणून घाबरू नका, फोटोत दाणे आले तर कमी करता येतात पण हललेला फोटो गेला तो गेलाच. फोकस कंटिन्युअसवर (पक्षी हलला तरी फोकस त्याच्यामागे जातो), म्हणजे निकॉनमध्ये एएफ-सी, कॅननमध्ये एआय सर्वो किंवा नुसतं सर्वो. बर्स्ट (बटण दाबून धरलं की सलग फोटो) चालू. लेन्स ३०० एमएमची असली तरी शिकायला पुरते.

२. पांढऱ्या आभाळात घार काळी ठिक्कर येते, कारण कॅमेरा आभाळ बघून फोटो डार्क करतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा डार्क करायचं सेटिंग) +१ करा. झाडाच्या पार्श्वभूमीवर आली की परत शून्यावर आणा, हे मी अजूनही विसरतो.

३. पक्षी शोधताना झूम कमी ठेवा. नजर घारीवरच ठेवून कॅमेरा डोळ्यापाशी आणायचा, खाली बघून बटणं शोधत बसलात तर ती गेलीच समजा.

४. आता खरं काम, बघत बसायचं. बसलेली घार उडणार हे आधी कळतं, पुढे झुकते, बऱ्याचदा शिटते, मान पुढे काढते आणि वाऱ्याच्या दिशेला तोंड करून झेपावते, म्हणून वारा कुठून येतोय ते बघून उभे राहा म्हणजे ती तुमच्याकडे तोंड करून उडेल (सूर्यही पाठीशी असेल तर लॉटरीच). ऊन तापलं की गरम हवेवर चढत चढत ती ठिपका होते, त्यामुळे ती खाली असते तो सकाळचा वेळ सोडू नका. गोल फिरताना वळणावर ती एक पंख खाली करते, त्या क्षणी पंखाची वरची बाजू उन्हात उजळते. बटण तेव्हा दाबा.

कावळे मागे लागले तर अजून मजा.

घार जमली की कापशीकडे (छोटी, पांढरट-करड्या रंगाची घार) वळा, ती हवेत एकाच जागी पंख मारत थांबते त्यामुळे फोकसला वेळ मिळतो. शिक्रा मात्र शेवटी, झाडीतून सटकन जातो.

५. घरट्याजवळ जायचं नाही. पक्षी ओरडत डोक्यावरून झेपा घ्यायला लागला तर तुम्ही फार जवळ आलाय, मागे फिरा. आमिष टाकून बोलवणंही नको.

६. घरी आल्यावर प्रत्येक फोटोत डोळा १००% मोठा करून बघा, डोळा शार्प नसेल तर डिलीट. २०० मधले ५ उरले तरी दिवस चांगला गेला म्हणायचा.