प्रेग्नन्सीत दारू: आधी घेऊन झाली असेल तर आता काय करायचं

टेस्ट पॉझिटिव्ह येते आणि लगेच आठवतं की मागच्याच आठवड्यात पार्टीत दोन-तीन ग्लास झाले होते, मग पोटात गोळा येतो. असं खूप जणींचं होतं. पहिलं काम एकच, आजपासून बंद, महिना कुठलाही चालू असो. बाळाचा मेंदू पूर्ण नऊ महिने घडत असतो त्यामुळे पाचव्या महिन्यात थांबलात तरी पुढच्या दिवसांचा फायदा बाळाला मिळतोच. "आता काय, व्हायचं ते होऊन गेलं" म्हणत चालू ठेवू नका प्लीज.

पण रोज आणि भरपूर प्यायची सवय असेल तर मनानेच एका दिवसात सोडू नका, हात थरथरतात, फिटसुद्धा येऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, ते देखरेखीखाली सोडवतात.

"वाईनने काय होतंय", "बिअर म्हणजे काय दारू थोडीच" असं सांगणारे जवळचेच असतात, ऐकू नका. साधारण ३५० मिली बिअर, १५० मिली वाईन आणि ४५ मिली व्हिस्की, तिन्हीत अल्कोहोल जवळपास सारखंच, १४ ग्रॅमच्या आसपास. ते नाळेतून बाळाच्या रक्तात जातं आणि तिथेही जवळजवळ आईइतकंच चढतं, फक्त आईचं लिव्हर ते साफ करू शकतं, बाळाचं अजून तेवढं तयारच नसतं. इतकी घेतली तर सेफ अशी लिमिट आजवर कोणालाच सापडलेली नाही. म्हणून बाळाचा विचार सुरू केलात की तेव्हाच थांबा, कारण दिवस गेलेत हे कळेपर्यंत काही आठवडे निघून गेलेले असतात. आणि नवऱ्यानेही त्या काळात समोर बसून पिऊ नये, एवढी साथ तर द्यायलाच हवी ना.

डॉक्टरांना किती, कधी, शेवटची कधी हे सगळं खरं सांगा आणि फाईलवर लिहून घ्या. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून गप्प बसू नका, दारूचा बाळाच्या मेंदूवर होणारा परिणाम त्यात बऱ्याचदा दिसतच नाही. पुढे मूल शाळेत अडखळायला लागलं की हीच नोंद कामाला येते, कारण यासाठी कुठली ब्लड टेस्ट नाही.

पोटात असताना दारूमुळे बाळावर जो परिणाम होतो, त्याला १९७३ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी फीटल अल्कोहोल सिंड्रोम नाव दिलं. डोळ्यांच्या फटी लहान, वरचा ओठ पातळ, नाक आणि ओठ यांच्यामधली खाच सपाट, अशा खुणा त्यात असतात. पण ज्यांच्यावर परिणाम झालाय अशा बहुतेक मुलांचा चेहरा अगदी नेहमीसारखाच असतो, आणि तिथेच सगळे फसतात. काल पाठ झालेला पाढा आज पार पुसलेला, पैशांचा हिशोब जमत नाही, एकाच चुकीसाठी दहा वेळा ओरडा खाऊन अकराव्यांदा तेच. लोक म्हणतात लाडावलंय, हट्टी आहे. तसं नाहीये हो, त्याच्या मेंदूला ते धरूनच ठेवता येत नाही.

हे पूर्ण बरं होत नाही, पण लवकर ओळखलं तर मूल खूप सावरतं. बालरोगतज्ज्ञांना प्रेग्नन्सीतलं स्पष्ट सांगा. घरी "दप्तर भर, बूट घाल आणि खाली ये" असं एका दमात सांगू नका, आधी फक्त दप्तर, ते झालं की मग बूट. रोज त्याच क्रमाने, तेच शब्द वापरून, आणि शाळेतल्या बाईंनाही हेच करायला सांगा.