आग्र्याला जाताय? शुक्रवार टाळा

वास्को-मडगावहून गोवा एक्सप्रेसने निघालात तर दिल्ली गाठून मागे येऊ नका, आग्रा कँटलाच उतरा. शुक्रवारी ताजमहाल बंद असतो. गाइडचं सरकारी ओळखपत्र बघा, दर आणि ठिकाणं आधीच ठरवा; 'दुकानात नेऊ नका' हेही स्पष्ट सांगा. मुख्य मकबऱ्याचं २०० रुपयांचं तिकीट वेगळं. खाऊ आत नेता येत नाही. आमचा जत्रेतल्या खाज्यांचा पुडा बाहेरच राहिला. किल्ल्यात, १६६६ साली महाराज आले तो दरबार मुद्दाम विचारा. फतेपूर सिक्रीच्या धावपळीपेक्षा मी एतमाद-उद-दौलाला वेळ देईन: नूरजहाँने वडिलांसाठी बांधलेली कबर. तिथल्या संगमरवरात रंगीत दगडांच्या सुरया जडवल्यात, अगदी नाक लावून बघाव्यात अशा.