आपला गट प्लॅनमध्ये कुठं बसतो ते बघायचं कसं, आणि हरकत घालायची कशी

पुण्याच्या आसपास जमीन घेणारे (आणि विकणारेही) एकच प्रश्न विचारतात, "झोन कुठला?" रहिवासी म्हटलं की खूश. पण रहिवासी झोनच्या मधोमध 24 मीटरचा रस्ता आखलेला असला तर दहा गुंठ्यातले उरतात किती ते कोणी विचारत नाही. आमच्या घरात हेच झालं, काकांनी झोन दाखला काढला, भाग नकाशा (प्लॅनमधला आपल्या गटापुरता तुकडा) काढलाच नाही, आणि रस्त्याची रेघ विहिरीवरून जातेय हे शेजाऱ्याकडून कळलं. म्हणून म्हणतो, आधी रस्ता बघा, मग झोनचा रंग.

सगळ्यात आधी तुमच्या गावाचं प्लॅनिंग कोण करतं ते शोधा. महापालिका किंवा नगरपरिषद असेल तर तिचा स्वतःचा डीपी (विकास आराखडा) असतो, बाहेरच्या गावांना पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, 31 मार्च 2015 ला स्थापन झालं), एमआयडीसीच्या हद्दीत एमआयडीसी. मुंबईकडं तसंच प्राधिकरण एमएमआरडीए, ते 1975 पासून आहे. यात घोळ भरपूर, 2021 मध्ये 23 गावं पुणे महापालिकेत आली पण त्यांचं प्लॅनिंग पीएमआरडीएकडं दिलं, म्हणजे टॅक्स एकीकडं आणि नकाशा दुसरीकडं. त्यामुळं ग्रामपंचायतीत ऐकलेल्यावर जाऊ नका, नगररचना विभागात गट नंबर सांगून विचारा.

मग कुठला प्लॅन लागू आहे ते लेखी घ्या. पीएमआरडीएचा प्रारूप (कच्चा) डीपी 2021 मध्ये आला, हरकती आल्या जवळपास 67 हजार, आणि शेवटी सरकारने तो रद्दच करायचं ठरवलं. तरी एजंट लोक अजून त्याच रंगीत पीडीएफवर जमिनी दाखवतात! प्रारूप म्हणजे मंजूर नाही. मंजूर प्लॅन नसेल तिथं जुनी प्रादेशिक योजना (अख्ख्या भागाचा मोठा आराखडा) चालते, पुण्याची 1997 ची आहे.

अर्ज करताना झोन दाखला आणि भाग नकाशा दोन्ही मागा, सोबत सातबारा आणि मोजणीचा नकाशा जोडा. मोजणी नसेल तर गटाची हद्द अंदाजे बसते आणि रेघ दहा-बारा मीटर इकडंतिकडं झाली तरी तुम्हाला भांडता येत नाही. नकाशात पिवळा साधारण रहिवासी, हिरवा शेती, पण सूची बघितल्याशिवाय रंगावर विश्वास ठेवू नका. मेट्रो स्टेशन जवळ असेल तर टीओडी झोनपण (मेट्रोलगत जास्त बांधकामाला मुभा देणारा पट्टा) विचारा, पुण्यात तो स्टेशनभोवती 500 मीटर आहे, तिथं एफएसआयचं (जमिनीच्या मानाने किती बांधकाम करता येतं त्याचं) गणितच वेगळं.

आता हरकत. नवीन प्रारूप डीपी आला की राजपत्रात आणि पेपरात नोटीस येते, तिथून 30 दिवस मिळतात, त्यातले निम्मे तर लोकांना कळण्यातच जातात. "आम्ही गरीब शेतकरी, जमीन वाचवा" एवढंच लिहिलेले अर्ज गठ्ठ्याने पडून असतात. हरकती ऐकणाऱ्या समितीला पटेल असं लिहा: रस्ता अमुक गटातून गेला तर विहीर, घर, ओढा जातो, आणि पलीकडं गायरानातून वळवला तरी दोन टोकं जुळतात. ती पर्यायी रेघ नकाशावर लाल पेनाने मारून जोडा, घराचे-विहिरीचे जीपीएसवाले फोटो लावा. शेजाऱ्यांनीपण वेगवेगळा अर्ज द्यावा, एकाच कागदावर 40 सह्या म्हणजे मोजायला एकच हरकत.

आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. सुनावणीला बोलावलं की स्वतः जा, नाहीतर लेखी अधिकार देऊन माणूस पाठवा, तिथं वेळ कमी मिळतो, सरळ नकाशा उघडायचा आणि रेघेवर बोट ठेवायचं.

एवढं करूनही आरक्षण (सार्वजनिक कामासाठी जमीन राखून ठेवलेली) कायम राहिलं तर एमआरटीपी कायद्याचं (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना कायदा) कलम 127 आहे. अंतिम प्लॅन लागू झाल्यापासून 10 वर्षांत जमीन घेतली नाही तर मालकीच्या कागदांसह नोटीस द्यायची, पुढच्या 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण गळतं. नुसता प्रारूप आल्याच्या तारखेपासून ही 10 वर्षं मोजायची नाहीत, ही चूक फार जण करतात. नोटीस मात्र वकिलाकडूनच लिहून घ्या.