गोव्यात फॅमिली डॉक्टर व्हायचे असेल तर

बारावीनंतर नीट, साडेचार वर्षांचा एमबीबीएस अभ्यासक्रम, एक वर्षाची इंटर्नशिप आणि त्यानंतर मेडिकल कौन्सिलची नोंदणी, ही वाट ठरलेली आहे. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची परंपरा तर १८४२ सालच्या पोर्तुगीजकालीन वैद्यकीय शाळेपर्यंत मागे जाते. मात्र फॅमिली डॉक्टर व्हायचे असेल, तर इंटर्नशिपमधला ग्रामीण आरोग्य केंद्रातला काळ केवळ हजेरीपुरता उरकू नका. रुग्ण घरी कसा राहतो, हे प्रथम तिथेच दिसते.

पुढे नीट-पीजी देऊन फॅमिली मेडिसिनमध्ये तीन वर्षांचे डीएनबी, म्हणजे एमडीच्या तोडीचे पदव्युत्तर शिक्षण, करता येते. त्यात मेडिसिन, बालरोग, स्त्रीरोग, शल्यचिकित्सा अशा सर्व विभागांत काम करावे लागते. माझ्या मते हे शिक्षण दवाखाना उघडण्यापूर्वीच घ्यावे, कारण एकदा रुग्ण येऊ लागले की त्यांना सोडून जाणे जमत नाही.

अभ्यासाचा विशेष विषय मात्र आपल्या पंचक्रोशीकडे पाहून निवडावा. सत्तरी तालुक्यात काजूच्या हंगामात तापाचा रुग्ण आला, रक्तात प्लेटलेट कमी दिसल्या, म्हणजे डेंगीच असे धरून चालू नये. कोकणीत 'कितें जाता?' (काय होतंय?) एवढे विचारून न थांबता तो बागेत गेला होता का, अंगावर गोचीड आढळली का, आसपास माकडे मेली आहेत का, हेही विचारावे. गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या माकडतापाचा संशय अशा प्रश्नांतूनच येतो, आणि आला की रक्ताचा नमुना पाठवण्यास व आरोग्य केंद्राला कळवण्यास विलंब करू नये. पावसात शेतात राबणाऱ्याच्या तापाला लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणारा आजार, या दृष्टीने पाहावे लागते, ते वेगळेच.

मधुमेह आणि रक्तदाब हे तर रोजचेच काम, पण आवड जोपासावी अशी खोली त्यातही आहे. वृद्ध रुग्णाला घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीसकट घेऊन यायला सांगावे आणि त्या टेबलावर ओतून एकेक पाकीट वाचावे. दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या नावांनी लिहिलेली मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी एकाच पिशवीत निघते, आणि रुग्ण बिचारा दोन्ही इमानाने घेत असतो. अशा वेळी त्याला न रागावता, कोणती गोळी सकाळी आणि कोणती रात्री, हे मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून द्यावे व तोच कागद सुनेलाही वाचून दाखवावा.