लग्नात डीजे लावायचाय? आधी माइक धरायला शिका

दर तुळशीच्या लग्नाआधी गावाकडची दोन-तीन पोरं भेटायला येतात. प्रश्न एकच : "दादा, डीजे टाकायचाय, किती लागतील?" मी उलट विचारतो, माइकवर बोलता येतं का? पोरं हसतात. मीही हसलो असतो.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेलं. आमच्या शिवारातली सगळी मंडळी तेव्हा हवेत, मीपण. यंदा लग्नं जोरात होणार म्हणून कर्ज काढलं आणि चार टॉप (बारीक आवाजाचे स्पीकर), आठ बेस (धमधम आवाजाचे मोठे स्पीकर), अ‍ॅम्प्लिफायर, जुना पिकअप असं सगळं एकदम उचललं. रास होईपर्यंत भाव निम्म्यावर. लग्नं झाली, पण सुपारीचे पैसे 'माल विकला की देतो'वर गेले. हप्त्याला तेवढं माल विकायची वाट बघता येत नव्हती. दोन वर्षांनी अर्धा सेट पडत्या भावात विकला.

म्हणून पहिले दोन हंगाम दुसऱ्याच्या सेटवर ऑपरेटर म्हणून जा. मजुरी कमी मिळेल, मिळू द्या. कोपराला वेढे मारून वायर गुंडाळली की ती आतून पिळते, नि नेमकी हळदीच्या रात्री तुटते. चालू करताना मिक्सर आधी, अ‍ॅम्प्लिफायर शेवटी. बंद करताना उलटं. नाहीतर धप्पकन आवाज येऊन स्पीकर जातो. जनरेटर सुरू झाला म्हणून लगेच प्लग खुपसायचा नाही, मीटर लावून व्होल्टेज २३० च्या आसपास आहे का बघायचं. हे सगळं दुसऱ्याच्या सेटवर शिकलेलं स्वस्तात पडतं.

गाण्यांचं म्हणाल तर लॅपटॉपमध्ये दहा हजार गाणी भरून उपयोग नाही. आपली बरीच कोळीगीतं नि हळदीची गाणी सहाच्या ठेक्यात, हिंदीतली नाचाची बहुतेक चारच्या. सॉफ्टवेअरनं वेग जुळवला तरी ठेका जुळत नाही आणि नाचणाऱ्याचे पाय अडखळतात. मधे चार-पाच सेकंद नुसती हलगी सोडा, पाय आपोआप नव्या गाण्यावर येतात.

आता माइक. औसा तालुक्यात एका लग्नात परण्या, म्हणजे लग्नाआधीची नवरदेवाची मिरवणूक, मारुतीचं दर्शन घेऊन निघाला, पण पुढं सरकेना. नवरीचा मामा पळत आला. "अय बाबा, बंद कर की! मुहूर्त चाललाय, भटजी तिकडं घड्याळ दाखवायलेत." इकडं नवरदेवाचे दोस्त माझ्या गाडीवर : "दादा, एकच!" वायर उपसली असती तर मारामारी ठरलेली. मी गाणं तसंच ठेवलं, बेस हळूहळू उतरवला आणि माइक घेतला. "आता नवरदेवाचे मामा भाच्याला खांद्यावर घेऊन मांडवात नेणार! दोस्तमंडळींनी वाट करून द्यायची!" मामांच्या पोटाचा घेर बघून पोरांनीच नवरदेव उचलला. पाच मिनिटांत परण्या मांडवाच्या दारात. त्या एका वाक्यावर मला पुढच्या तीन सुपाऱ्या मिळाल्या, बेसवर एकही नाही.

माइकवर चुकायला मात्र वेळ लागत नाही. एकदा यजमानांनी दिलेल्या जुन्या यादीवरून एका आजोबांना सत्काराला बोलावलं. ते आदल्या वैशाखातच गेले होते. मांडव असा गप्प झाला की जनरेटरचा आवाज ऐकू यायला लागला. तेव्हापासून यादी हळदीच्या दिवशी घरातल्या बाईमाणसाकडून वाचून घेतो. कोण कुणावर रुसलंय, कुणाचं नाव आधी घ्यायचं, हे पुरुषांना ठाऊक नसतं. भटजींच्या माइकात सेल नवे टाका. मंगलाष्टकात माइक मेला तर रात्रभराच्या डीजेवर पाणी.

कायद्याचं थोडक्यात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ बंद. लोकवस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, म्हणजे बेसची भिंत लावली तर तुम्ही पहिल्याच गाण्याला कायद्याबाहेर. गाण्यांच्या लायसन्सचे पैसे मागायला कुणी लग्नात आलं तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ५२ वं कलम दाखवा. वरातीला आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांना त्यात सूट आहे.

पैशाचं बोलायला लाजू नका. अर्धा इसार तारीख धरताना, उरलेले परण्या निघायच्या आधी. अक्षता पडल्या की यजमान सापडत नाही. चातुर्मासात लग्नं नसतात, तेव्हा डोहाळजेवण, बारसं, मास्तरांच्या निवृत्तीचा कार्यक्रम. डिसेंबरात शाळांची गॅदरिंग. ही कामं दोन टॉप आणि एका चांगल्या माइकवर भागतात.

आणि कानात बोळे घाला. ८५ डेसिबलमध्ये आठ तास चालतात, १०० डेसिबल झाले की पंधरा मिनिटांतच कानाचा दिवसभराचा कोटा संपतो. गाडीवर आपण तीन-तीन तास उभे असतो. मेडिकलमध्ये फोमचे बोळे स्वस्तात मिळतात. मी चार हंगाम घातले नाहीत, आता रात्री सगळं शांत झालं की डाव्या कानात शिट्टी वाजते.